पाहुण्यांना दुष्काळ दाखवायचा नाही

आमच्या चर्चच्या तरुण संघाची जुनी मंडळी कुठंही भेटू द्या, लग्नात, नाताळच्या जेवणात, नाहीतर मयताला, चहा संपायच्या आत विषय त्या फॉरेनच्या टीमवर येतोच. हे किस्से काही कुणी ठरवून जमवले नाहीत. घरात जुनी भांडी साठतात तसे साठले. टाकवत नाहीत आणि वापरातही नाहीत. दरवेळी कुणीतरी म्हणतं, "सुवार्ता, दुभाषी तू होतीस, तूच सांग." मग मी सांगते. लोक पोट धरून हसतात, मीही हसते. शेवटचा किस्सा तेवढा मी टाळते. आज तोही सांगून टाकते, एकदाच.

आमचं गाव वडवणीच्या रस्त्याला, फाट्यावरून आत. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती आणि तिच्या मधोमध चर्च. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊस तोडायला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. त्या वर्षी लागोपाठचा दुष्काळ. विहिरी कोरड्या, हातपंपातून नुसती हवा. टँकर आला तर आला, नाहीतर चालायला लागा.

अशात पाळकसाहेबांना फोन आला. परदेशातल्या एका चर्चची कॉलेजातली पोरं-पोरी सुट्टीत सेवा करायला परदेशी निघाली होती. त्यांचा परदेश म्हणजे आमचं गाव! त्यांच्या मंडळीनं एका बोअरपुरती वर्गणी जमवून दिली होती. पाण्याची फार अडचण असेल अशा ठिकाणी तो बोअर घ्यायचा होता.

माझा थोरला भाऊ दाविद ते ऐकून उठून उभाच राहिला. "चर्चच्या आवारात पाणी लागलं ना सुवार्ते, तर मी दोन म्हशी धरतो, सोसायटीला दूध घालतो. उसाला जात न्हाई."

त्याच्या मागं शांतावहिनी उभ्या होत्या. आदल्या हंगामात उसाच्या फडावर त्यांचं पहिलं बाळ गेलं होतं आणि आता पुन्हा दिवस राहिले होते. बोअर झाला तर वहिनी घरी राहणार होत्या. नाही झाला तर दिवाळीनंतर पुन्हा ट्रकमध्ये, तेही दिवस भरत आलेले असताना. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, त्यामुळं ते कुणी बोलून दाखवलं नाही.

*

पाहुण्यांच्या तयारीसाठी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये मीटिंग घेतली. मीटिंग त्यांनी घेतली, पण चालवली माझ्या आईनं. आई महिला मंडळाची प्रमुख. तिच्यापुढं पाळकसाहेबसुद्धा प्रार्थना आटोपती घ्यायचे.

आई म्हणाली, "आल्या आल्या हात पसरायचा न्हाई. मागच्या मोठ्या दुष्काळात मिशननं दूधपावडर वाटली, तवापासनं गाव आपल्याला पावडरीचे किरिस्ताव म्हणतंय. म्या लहानपणापासनं ऐकत आले. पाव्हण्यांना दुष्काळ दाखवायचा न्हाई. त्यांचं सगळं साजरं करू, आन शेवटच्या दिवशी साहेब हळूच इषय काढतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटा दाविद म्हणाला, "आगं पण माय, दुष्काळ दिसलाच न्हाई तर ते बोअर कावून देतील?"

"देव दावील त्यांना. आपण कावून दावायचा?"

झालं, ठराव पास! विरोधात बोलणाऱ्याला आवार झाडायचं काम मिळालं.

*

दूध सोसायटीचे चेअरमन अण्णा हे आमच्या गावचं सर्वस्व. टँकर कोणत्या आळीत आधी जाणार हेही तेच ठरवायचे. आमच्या वस्तीत टँकर पाठवा म्हणून आम्ही किती खेटे घातले असतील! अण्णा दरवेळी म्हणायचे, "बघू." फॉरेनचे पाहुणे येणार हे कळलं आणि सकाळी सकाळी स्पेशल टँकर दारात हजर. पाठोपाठ फोटोग्राफर घेऊन अण्णा!

वस्तीतली सगळी टिपाडं काठोकाठ भरली. आईनं त्यातलं पाणी काढून चर्चच्या अंगणात सडा घालायला लावला. त्या मातीत दोन वर्षांत थुंकीशिवाय ओल पडली नव्हती. सडा पडल्यावर असा वास सुटला की म्हाताऱ्या बाया घरातून बाहेर येऊन आभाळाकडं बघायला लागल्या.

गाडी आली. टीमचा लीडर केविन, उंच आणि हसरा. सोबत पोरापोरींचा घोळका. अण्णांनी सगळ्यांना हार घातले आणि माइक हातात घेतला. "आमच्या भागात कशाचीही कमतरता नाही!"

मी इंग्रजीत सांगितलं. अण्णा माझ्या कानाशी लागले, "जरा जोरात सांग की."

*

टीममध्ये हॅना नावाची मुलगी होती. गोड, कुणाच्याही गळ्यात पडणारी. मुलींसाठी आम्ही पत्र्याची न्हाणी केली आणि आत एक भरलेलं टिपाड ठेवलं. आमच्या हिशोबानं ते सगळ्या मुलींना बरेच दिवस पुरणार होतं.

हॅना आत गेली आणि गाणं म्हणत आंघोळ करायला लागली. मग्ग्यावर मग्गा! बाहेर बाया येऊन थांबल्या. पत्र्याखालून पाणी वाहत आलं, कोंबड्या धावल्या. शेवटी एकजण हळूच म्हणाली, "आवाज तर ऐका गं. किती दिसांनी ऐकला."

टिपाड रिकामं करून हॅना बाहेर आली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं इथं पाण्याचा त्रास असेल. पण किती भरपूर आहे!"

मी आईला सांगितलं. आईचा चेहरा फुलला. "तिला म्हणावं, आणिक एक टिपाड हाय!"

त्या दिवशी आमच्या घरची भांडी राखेनं घासून नुसती पुसून ठेवली.

*

मुलांसाठी त्यांनी बायबल शाळा घेतली. हातात घालायच्या बाहुल्या आणल्या होत्या. गोष्ट निवडली नोहाच्या जलप्रलयाची! मी केविनला म्हटलं, दुसरी कुठली घ्या. तो म्हणाला, ही मुलांना नेहमी आवडते.

आवडली की. केविन सांगत होता, देव रागावला आणि त्यानं पाऊस पाठवला. मी मराठीत सांगत होते. डोंगर बुडाले म्हटल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. केविनला काही कळेना. मग नाटक बसवायचं ठरलं. नोहा व्हायला कुणी तयार नाही, तारवात बसायला कुणी तयार नाही. सगळ्यांना बुडणारी माणसं व्हायचं होतं!

पुढं बसलेली एक चिमुरडी मला म्हणाली, "बाई, देव आमच्यावर कावून न्हाई रागवत?"

केविननं विचारलं, काय म्हणते ती? मी म्हटलं, गोष्ट छान होती म्हणते.

*

त्याच आठवड्यात दूध सोसायटीची वार्षिक सभा आली. पाहुण्यांना सहकार दाखवायचा म्हणून अण्णांनी त्यांना स्टेजवर बसवलं. वैरण नाही म्हणून लोकांनी जनावरं कधीच विकली होती. सोसायटीत दूध घालणारं कुणी उरलं नव्हतं. पण सभा नियमानं झाली पाहिजे! अहवाल वाचला, टाळ्या झाल्या, 'दूध उत्पादन वाढवणे' हा ठराव एकमतानं मंजूर झाला.

मग चहा आला. आईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. बाजारातून दूधपावडरची पाकिटं आणून चहा केलेला! आईनं आयुष्यभराचं साठलेलं एका वाक्यात काढलं.

"काय अण्णा, आज समदी सोसायटीच पावडरीची झाली की!"

अण्णा हसले. त्यांना हसावंच लागलं, कारण केविन फोटो काढत होता. आई त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी जास्त जेवली. मी तिला इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

*

आता बोअरचं काय झालं ते ऐका.

एक दिवस केविन पाळकसाहेबांना म्हणाला, "आम्हाला दुष्काळ बघायचाय." पाळकसाहेब गडबडले. आईच्या ठरावाप्रमाणं आमच्याकडं तर दुष्काळ नव्हता! अण्णांनी तोडगा काढला. स्वतःच्या जीपमधून टीमला नेकनूरच्या पलीकडं एका वस्तीवर घेऊन गेले. तिथं बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. टीममधल्या पोरी रडल्या. केविननं तिथंच बोअर जाहीर केला आणि अण्णांनी तिथंच नारळ फोडला.

आमच्या दुष्काळी गावातून पाहुण्यांना दुष्काळ बघायला दुसऱ्या गावाला न्यावं लागलं! हे सांगितलं की आजही लोक टाळ्या देतात.

जीप परत आली तेव्हा दाविद चर्चच्या भिंतीला निळा रंग देत शिडीवर उभा होता. चर्च रंगवणं हा टीमचा आमच्यासाठीचा प्रोजेक्ट. मी खालून त्याला बातमी सांगितली. त्यानं ब्रश डब्यात बुडवला आणि राहिलेली भिंत पुरी केली.

मला राहवलं नाही. मी केविनला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. हे लोक लपवतायत, ही टिपाडं तुमच्यासाठी भरली आहेत, आम्ही स्वतः आंघोळ करून किती दिवस झाले ते विचारू नका. केविननं शांतपणे ऐकून घेतलं. मग हसून न्हाणीकडं बोट केलं. "पण सुवार्ता, मी स्वतः पाहिलंय."

तेवढ्यात पाळकसाहेब आले. केविननं त्यांना विचारलं. पाळकसाहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा स्वयंपाकाच्या मांडवात उभ्या असलेल्या आईकडं बघितलं, आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सुवार्ता जोक करते."

*

शेवटच्या दिवशी टीमला आमचे पाय धुवायचे होते. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे. त्यांच्या मंडळीची ती रीतच होती. बीडहून प्लास्टिकचे टब आणले, खुर्च्या मांडल्या. आणि प्रत्येक माणसाला नवं पाणी! एकाचे पाय धुतलेलं पाणी दुसऱ्याला वापरणं त्यांना अपमान वाटत होता.

उरलंसुरलं टिपाड त्या पोरांनी टबात ओतताना पाहिलं आणि वस्तीतला संयम सुटला. आई डोळे वटारत राहिली, पण बाया घरी पळाल्या आणि कळश्या, पातेली, घमेली, जे सापडेल ते घेऊन आल्या. ज्याचे पाय धुवून झाले तो उठायचा आणि टबातलं पाणी आपल्या भांड्यात ओतून शेळ्यांसाठी घेऊन जायचा. बातमी गावात गेली. मराठा आळीतले आले, बुद्धवाड्यातले आले. चर्चबाहेर रांग लागली. एवढी गर्दी आमच्या चर्चनं नाताळालाही पाहिली नव्हती!

टीमचे डोळे भरून आले. केविननं पाळकसाहेबांना विचारलं, "हे लोक पाणी घरी का नेतायत?"

पाळकसाहेब म्हणाले, "आमच्याकडची रीत आहे."

शांतावहिनी खुर्चीवर बसल्या तेव्हा हॅना त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसली. वहिनींच्या टाचा उसाच्या फडात चिरलेल्या, त्यात काळी माती कायमची बसलेली. हॅनानं त्या टाचा इतक्या हळू धुतल्या की वहिनी लाजून माझ्याकडं बघायला लागल्या. "ताई, तिला म्हणावं ऱ्हाऊ दे. ते न्हाई निघत."

वहिनींना दिवस गेलेत हे मी हॅनाला सांगितलं. तिनं आनंदानं ओरडून वहिनींना मिठी मारली. "पुढच्या वर्षी मी तुझ्या बाळाचे पाय धुवायला येईन!" मग आपल्या पायांतल्या सँडल काढून तिनं वहिनींच्या पायांत घातल्या. वहिनींचे दोन्ही पाय एकाच सँडलमध्ये मावले असते. पण त्या उठल्या आणि फटक फटक करत, कळशी कमरेवर घेऊन, घरी गेल्या. सगळे हसत होते. वहिनी सगळ्यात जास्त हसत होत्या.

*

दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक आला. आई वहिनींना म्हणाली, तू राहा. पण उसाला नवरा-बायकोची जोडीच लागते. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही, आणि घरी राहून प्यायचं काय, खायचं काय?

वहिनींनी सँडल धुवायला पाणी नव्हतं म्हणून पदरानं पुसल्या आणि कोनाड्यात बायबलशेजारी ठेवल्या. "फडात खराब व्हत्याल. आल्यावर घालीन." आणि चिरलेल्या टाचांनी ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढल्या.

नाताळच्या आधी दाविदचा फोन आला. फडावरच्या पालात वहिनींचं पोट दुखायला लागलं. दवाखाना लांब, उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे. बाळ आधी गेलं, मग वहिनी गेल्या. दाविद फोनवर एवढंच म्हणत होता, "माय, मी काय करू? माय, मी काय करू?" आईनं फोन माझ्या हातात दिला आणि चुलीपुढं जाऊन बसली. मी देवावर फार चिडले होते तेव्हा. अजूनही चिडते. आई चिडली नाही. ती कुणाशी बोललीच नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात टीम पुन्हा आली. तिकडं त्यांच्या चर्चमध्ये पाय धुण्याचे फोटो दाखवले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ते बघून विचारलं म्हणे, "अरे, ही माणसं मळकं पाणी घरी का नेतायत? यांच्याकडं पाणी नाही का?" मग पुन्हा वर्गणी झाली, आणि या वेळी बोअर आमच्या चर्चच्या आवारात घ्यायचा असं ठरूनच ते निघाले.

पाहुणे येणार म्हटल्यावर आई कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा बोलली. "शांताचं कुणी काढायचं न्हाई. पाव्हण्यांच्या तोंडावर रडायचं न्हाई."

या वेळी विरोधात बोलायला दाविद मीटिंगला आलाच नाही.

हॅना गाडीतून उतरल्या उतरल्या शांता कुठं आहे म्हणून विचारायला लागली. तिच्या पिशवीत बाळासाठी विणलेले लोकरीचे पायमोजे होते. ती ज्याला त्याला दाखवत होती. बाया म्हणायच्या, "गावाला गेलीया." पाळकसाहेब म्हणाले, "प्रवासात आहे." मीही तेच इंग्रजीत सांगितलं.

बोअरची गाडी आली. सकाळपासून खडखडाट. आधी पांढरी धूळ उडाली, निळं चर्च पांढरं झालं. दुपारपर्यंत धूळच. मग माती ओली यायला लागली आणि अचानक पाणी उसळलं, चर्चच्या कौलांपर्यंत! लोक ओरडले. केविन गुडघ्यावर बसून रडायला लागला. पोरं त्या पाण्यात नाचली, म्हाताऱ्या नाचल्या, अण्णा फोटोग्राफर शोधत पळाले. दाविद घराच्या उंबऱ्यावर बसून होता. तो तिथून उठला नाही.

आई उठली. घरात गेली आणि पदराखाली काहीतरी घेऊन गर्दीतून चालत आली. हॅना चिंब भिजून हसत उभी होती. आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं, जिथं पाणी वाहत होतं तिथं. पदराखालून त्या सँडल काढून तिच्यापुढं ठेवल्या.

"धू, बाई. लई धूळ बसलीया."

हॅनानं सँडल ओळखल्या. तिनं आईकडं बघितलं, मग मागं सगळ्या बायांमधून नजर फिरवली, मग माझ्याकडं वळली. "सुवार्ता, शांता कुठं आहे?"

मी तोंड उघडलं. आईनं माझा दंड दाबला.

"बाकीचं सांगू नको तिला. नुस्तं धू म्हण."